मासे घेऊन कोकणात

कोकणातून मुंबईला मासे येतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण ठाण्याहून चाळीस जिवंत मासे बरोबर घेऊन, सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने कोकणात निघालेला प्राध्यापक वाचकांनी बहुधा पाहिला नसेल. मला त्या दिवशी आमच्या डब्यातल्या सगळ्यांनी पाहिला. खिडकीपाशी बसलेले मालवणचे एक वृद्ध गृहस्थ तर माझ्या मांडीवरल्या थर्मोकोलच्या पेटीकडे पनवेलपर्यंत टक लावून होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारले, "आंबे उतरवायला जाताना पेटी भरलेली कशी?" मी म्हणालो, "मासे आहेत." त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मुलीकडे पाहिले आणि ती तरी शहाणी दिसते अशी स्वतःची समजूत घालून ते झोपी गेले.

हे मासे म्हणजे गप्पी. नावावरून हा मासा गप्पिष्ट असावा असे माझ्या आईला अजून वाटते. वस्तुतः गप्पी हे एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या गृहस्थांनी त्रिनिदाद बेटावरून या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि १८६६ साली तिथल्या गुंथर या शास्त्रज्ञाने त्यांचे नाव माशाला दिले. पुढे कळले की व्हेनेझुएलातून आलेल्या याच माशाचे वर्णन पीटर्स नावाच्या जर्मन पंडिताने १८५९ सालीच करून ठेवले होते. शास्त्रीय नाव त्यामुळे बदलले, पण गप्पीसाहेबांचे आडनाव मात्र जगभरच्या काचेच्या पेट्यांतून पोहत राहिले. मराठीच्या प्राध्यापकाला अशा अमरत्वाचा हेवा वाटला तर त्यात नवल नाही.

आमच्या घरी हे प्रकरण सुरू झाले ते मनूच्या नवव्या वाढदिवशी. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या, माशांच्या दुकानातून दोन नर आणि दोन माद्या आणल्या. नर इंचभर लांबीचा, पण थाट नवरदेवाचा. शेपटी म्हणजे निळ्या-केशरी रंगाचा फेटाच. मादी त्याच्या दुपटीने मोठी, मातकट रंगाची, संसारी. दुकानदाराने पैसे घेताना सांगितले, "साहेब, महिन्याने या, मोठी टाकी देतो." मला तो विक्रेत्याचा आशावाद वाटला. ती सूचना होती.

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पी पिल्लांना जन्म देतो. मादीच्या पोटाशी, शेपटीच्या अलीकडे, एक काळसर डाग असतो. दिवस भरत येतात तसा तो गडद होत जातो. आईने पहिल्याच आठवड्यात त्याला ‘तीट’ म्हणायला सुरुवात केली आणि आजतागायत आमच्या घरात तोच शब्द चालतो. साधारण चार आठवड्यांनी बाळंतपण. एका सकाळी मनूने अकरा पिल्ले मोजली. प्रत्येक म्हणजे दोन डोळे आणि त्यामागे एक स्वल्पविराम. ती शाळेतून परत आली तेव्हा चार उरली होती. बाकीच्यांचे काय झाले हे टाकीत तिच्या डोळ्यांदेखत घडले, तेव्हा ते लपवणे शक्य नव्हते. आईनेच पिल्ले खाल्ली होती. मनू रडली, आणि माझ्या आईने, जिने तीन बाळंतपणे काढली आहेत, त्या मादीचा मनापासून निषेध केला.

मग आम्ही शिकलो. टाकीत हायड्रिलाची दाट जुडी सोडली, की पिल्लांना लपायला जागा मिळते. तीट गडद झाली की मादीला वेगळ्या बरणीत ठेवायचे आणि पिल्ले झाली की तिला ताबडतोब काढायचे. पाणी नळाचे असेल तर बादलीत दिवसभर उघडे ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक, तोही सुईच्या टोकाएवढा. जास्त घातला तर पाणी नासते. मनूने एक वही केली. तिच्यात मादीचे नाव, तारीख, पिल्लांची संख्या आणि शेरा असे रकाने होते. ‘शेरा’ या रकान्यात एके ठिकाणी ‘आई चांगली वागली’ असे लिहिलेले मी पाहिले आहे.

या वहीनेच एक पेच उभा केला. ‘गंगू’ नावाची मादी तीन महिने बरणीत एकटी होती आणि तरीही तिची तीन बाळंतपणे वहीत नोंदली गेली. दहा वर्षांच्या मुलीने त्याचा खुलासा भरल्या पंगतीत विचारला. गप्पीची मादी एकदा झालेल्या मीलनातले बीज शरीरात महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते आणि त्यावर पुढची अनेक बाळंतपणे निभावते, हे मी जमेल तितक्या गंभीरपणे सांगितले. सौ. आमटीत मीठ बघायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण त्या खुलाशातली एक गोष्ट तेव्हा माझ्या नीट ध्यानात आली नाही. एकटी मादीसुद्धा पुरते. सगळी वस्ती वसवायला एकच मादी पुरते.

वर्षभरात चाराचे एकशेचाळीस झाले. दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येते, तेव्हा गणित करून पाहावे. आधी आम्ही इमारतीत वाटले. चारही मजल्यांवर, कॉफीच्या आणि लोणच्याच्या बरण्यांतून, आमच्या घरचे मासे नांदू लागले. पुढे पुढे मनू हातात बरणी घेऊन जिन्यात दिसली की शेजारी लिफ्ट सोडून देत. क्रॉफर्ड मार्केटचा दुकानदार म्हणाला, "साहेब, गप्पी विकत देतो. विकत घेत नाही."

अशा वेळी गावाहून आप्पाकाकांचा फोन आला. आप्पाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. कणकवलीपासून आत, आमच्या मूळ घरी, ते आणि काकी दोघेच राहतात. वय चौऱ्याहत्तर. मागच्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आठ दिवस काढावे लागले. आम्ही सगळेच घाबरलो होतो. नंतर आरोग्यसेविका घर पाहायला आल्या तेव्हा कलमांना पाणी घालायच्या सिमेंटच्या टाकीत त्यांना अळ्या सापडल्या. "टाकीत गप्पी सोडा," असे त्या सांगून गेल्या. आमच्याकडच्या गावोगावच्या भिंतींवर हे वाक्य रंगवलेले असतेच, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. काकांनी विचारले, तुझ्या पोरीकडे ते मासे आहेत म्हणतात, ते हेच काय? मी म्हणालो, किती हवेत तेवढे सांगा.

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही बापलेक निघालो. जिवंत मासे प्रवासाला न्यायचे तर आदल्या दिवसापासून उपास घालावा लागतो, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. मासा पाण्यात राहतो खरा, पण वाटेत त्याला जास्त गरज हवेची असते. अशा चार पिशव्या, प्रत्येकीत दहा मासे. शिवाय मनूच्या खास मर्जीतली सहा एका रुंद तोंडाच्या बरणीत. ती कशाला, असे मी विचारले नाही. मला वाटले होते, परत नेण्यासाठी असतील.

चिपळूण गेल्यावर मनू ओरडली, "बाबा, दोन नंबरच्या पिशवीत झाली!" प्रवासाच्या धक्क्याने एक मादी वेळेआधी बाळंत झाली होती. मालवणचे गृहस्थ जागे झाले. मनूने मोजदाद करेपर्यंत उक्षी मागे पडले आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. कोकण रेल्वेचा हा सर्वांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. मनू म्हणाली, "आता मोजता येणार नाही, आणि त्यांना खाताही येणार नाही." ते मला तपासून पाहता आले नाही. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा पिल्ले नऊ होती. रत्नागिरीच्या पुढे पानवळच्या उंच पुलावरून जाताना सगळा डबा खिडक्यांकडे धावला. चौसष्ट मीटर खाली नदी होती आणि आम्ही दोघे मात्र पिशवीत डोके घालून बसलो होतो. उतरताना मालवणच्या गृहस्थांनी मनूच्या हातात दोन कोकमाच्या वड्या ठेवल्या आणि म्हणाले, "बाळंतिणीला देऊ नकोस, आंबट आहेत."

आप्पाकाका अंगणातच उभे होते. पेटी उघडून त्यांनी पाहिले आणि हसू लागले. "अरे, सगळो कोकण मुंबैक मासे धाडता, आणि तू ठाण्यासून मासे घेऊन इलस? गो चेडवा, ह्येंचा कालवण किती जणांक पुरतला?" आजारानंतर ते खूपच उतरले आहेत. सदऱ्याच्या आत माणूस आहे की खुंटी, असे क्षणभर वाटले. मनूने त्यांना पिशव्या टाकीत अर्धा तास तरंगत ठेवायला लावल्या. पिशवीतले आणि टाकीतले पाणी सारखे तापले पाहिजे, नाहीतर मासे दगावतात. काका टाकीच्या कठड्यावर शिस्तीत बसून राहिले. मग पिशव्या सोडल्या. टाकीत कडेकडेने अळ्या वळवळत होत्या. पाच मिनिटांत त्या भागात पाणी स्वच्छ दिसू लागले. "सरकारी कामापेक्षा जलद आसा," असे म्हणून काकांनी काकींना हाक मारली.

टाकी चांगली मोठी, पुरुषभर उंच. घरामागच्या चढावर आहे. वरच्या अंगाला पाणी सांडायला एक पाइप बसवलेला आहे, त्याखाली पाट आहे, आणि पाटाकडेला काकींची अळूची पाने. मी ते पाहिले आणि अळूच्या फदफद्याचा विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हाळावर गेलो. आमच्या गावचा व्हाळ म्हणजे पावसाळ्यात गर्जणारा आणि मे महिन्यात तुकड्यातुकड्यांनी उरणारा ओढा. काळ्या कातळात ठिकठिकाणी कोंड आहेत. खोल, थंड, कडेला करंजाची सावली. पहिल्या पावसात याच व्हाळाने चढणीचे मासे वर येतात आणि अर्धा गाव रात्री बत्त्या घेऊन पाण्यात उतरतो. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आमची सगळी दुपार कोंडावर जाई. तिथे एक मासा होता. बोटभर लांब, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा, आणि डोक्यावर एक रुपेरी ठिपका. पाणी गढूळ असले तरी तो ठिपका चमके, म्हणून आम्ही मुले त्याला ‘टिकली’ म्हणायचो. पुढे पुस्तकांतून कळले, त्याचे नाव आप्लोकायलस. हा आपल्या पश्चिम घाटातला मूळचा रहिवासी, आणि डासांच्या अळ्या हेच त्याचे आवडते खाणे. म्हणजे ज्या कामासाठी गप्पीला समुद्रापारहून बोलावले गेले, ते काम करणारा मासा आमच्या कोंडात आधीपासूनच नोकरीला होता, बिनपगारी.

मनू कोंडाच्या कडेला पालथी पडून पाहत होती. म्हणाली, "बाबा, इथे पण गप्पी आहेत."

होते. शेकड्यांनी होते. पण आमच्या पेटीतल्यासारखे नव्हेत. लहान, राखी रंगाचे. नराच्या अंगावर एखादा केशरी ठिपका, तोही टाचणीच्या डोक्याएवढा. फेटा गेला होता, साधी टोपी उरली होती. त्रिनिदादच्या ओढ्यांत जॉन एन्डलर या शास्त्रज्ञाने हेच अभ्यासले. जिथे गप्पींना खाणारे मोठे मासे आहेत तिथे नर फिके असतात, कारण झगझगीत नर आधी पकडला जातो. जिथे धोका कमी, तिथे माद्यांच्या आवडीला वाव मिळतो आणि नर रंगत जातात. काही पिढ्यांतच हा बदल दिसू लागतो. आमच्या कोंडावर खंड्या आहे, तळाशी मरळ आहे. रंग टिकायचा कसा?

टिकली कुठे दिसेना. आम्ही तीन कोंड पाहिले. सगळीकडे राखी गप्पी. मग वर चढत गेलो. व्हाळाला एक माणूसभर उंचीचा कडा आहे, पावसाळ्यात तिथे धबधबा असतो. त्या कड्याच्या वरच्या कोंडात, मुळांच्या सावलीत, एक ठिपका चमकला. मग दुसरा. मनूने दहापर्यंत मोजले. इथे गप्पी एकही नव्हता. कडा त्यांना चढता आला नसावा.

"किती छान पाणी आहे," मनू म्हणाली आणि तिने पिशवीतून बरणी काढली. तिच्या मर्जीतले ते सहा, त्यांत दोन निळ्या शेपटीचे नर आणि गंगूची एक मुलगी. "यांना इथे सोडायचं म्हणून आणलेत. टाकीत काय मजा? इथे ते मोकळे राहतील." तिने झाकण फिरवायला घेतले होते.

मी तिचा हात धरला. मग जे पस्तीस वर्षे कोणालाच सांगितले नव्हते ते तिला सांगावे लागले.

१९९० सालचा मे महिना. तेव्हा रेल्वे नव्हती. परळहून रात्रीच्या एस.टी.ने आम्ही गावी यायचो. त्याआधी वडिलांनी मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेले होते. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय आमच्या पिढीच्या मुंबईकरांना देवळासारखे होते. २०२० साली, महामारीत, त्याचे दरवाजे बंद झाले. ते पाहून मला माशांचे वेड लागले आणि वडिलांनी क्रॉफर्ड मार्केटातून अकरा गप्पी घेऊन दिले. चाळीत ठेवायला जागा नव्हती. मी ते बरणीतून एस.टी.ने गावी आणले, रात्रभर मांडीवर धरून, आणि खालच्या कोंडात सोडले. मला वाटले होते, मी त्यांना मोकळे केले. मी अकरा वर्षांचा होतो.

त्या कोंडात तेव्हा टिकल्या होत्या. आता नाहीत. त्या माझ्याच माशांमुळे गेल्या असे मी शपथेवर म्हणू शकत नाही. नंतर आरोग्य खात्यानेही कुठे कुठे गप्पी सोडले असतील. व्हाळाकाठी शेतांवर औषधे फवारली गेली, वाळू काढली गेली. पण त्रिनिदादमध्येच कॅरिल हास्किन्स या शास्त्रज्ञाने १९५७ साली एका नदीतले २०० गप्पी दुसऱ्या खोऱ्यातल्या तुरुरे नदीच्या वरच्या भागात सोडले होते. काही दशकांनी तपासले तेव्हा त्यांच्या वंशाच्या खुणा धबधबे उतरून नदीच्या खालच्या भागातही पोहोचल्या होत्या आणि मूळच्या गप्पींचा वंश त्यांच्यापुढे मागे हटत होता. गप्पीला वर चढता येत नाही, पण खाली उतरायला त्याला कोणाची मदत लागत नाही.

मनूने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तू कोणाला विचारलं होतंस?"

"नाही."

"आजोबांना पण नाही?"

"नाही."

तिने बरणीचे झाकण घट्ट लावले. परत येताना ती माझ्यापुढे दहा पावले चालत होती. मी प्राध्यापकी बाण्याने समजावू लागलो, की बंद टाकीत, विहिरीत, हौदात गप्पी सोडणे चांगलेच. काकांच्या जिवाशी खेळ नको, आणि त्या भिंतीवरच्या वाक्यातही चूक काही नाही, फक्त ‘कुठे’ एवढा शब्द राहिला आहे, आणि भिंतीवर अशा बारकाव्याला जागा नसते. ती ऐकत नव्हती. अंगणात शिरल्यावर ती घराकडे न जाता थेट टाकीकडे गेली, पाइपाखाली उभी राहिली, आणि पाटाच्या कडेने, अळूच्या पानांतून, कुंपणापर्यंत चालत गेली.

"आप्पाआजोबा," तिने हाक मारली, "पावसात ही टाकी भरली की हे पाणी कुठे जातं?"

काका ओटीवरून म्हणाले, "खय जातला? व्हाळाक."

मी जिथे उभा होतो तिथेच उभा राहिलो. टाकी ओसंडून वाहते ती जूनमध्ये. पाट कुंपणाखालून सरळ व्हाळात उतरतो, आणि कुठे उतरतो हे मला लहानपणापासून माहीत होते. कड्याच्या वर. टिकल्यांच्या कोंडाला.

मासे परत काढणे शक्य नव्हते. आणि काकांच्या टाकीत पुन्हा अळ्या होऊ देणे, हेही शक्य नव्हते. तेव्हा दुपारभर आम्ही तिघे त्या पाइपामागे लागलो. काकींनी जुनी मच्छरदाणी दिली. मनूने तिची चार पदरी घडी केली, कारण दोन पदरांतून पिल्लू जाईल असे तिचे म्हणणे, आणि पिल्लू केवढे असते हे आमच्यात तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही. पाइपाच्या तोंडाला ती घडी सुंभाने करकचून बांधली. पाला अडकून पाणी तुंबेल म्हणून काकांनी टाकीवर झावळ्यांचा मांडव घालायचे कबूल केले. खालच्या कोंडातले गप्पी पाहिल्याचे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ह्ये गप्पी मां? ह्ये कदीचे आसत. माका वाटला, सरकारान सोडले." मी काही बोललो नाही. मनूने माझ्याकडे पाहिले. तीही काही बोलली नाही.

ते सहा मासे परतीच्या गाडीत आमच्याबरोबर होते. ठाण्याच्या टाकीत आता माद्या एकीकडे आणि नर दुसरीकडे असतात. मधे काच आहे. वहीतले रकाने रिकामे पडू लागले आहेत.

जुलैमध्ये कोकणात धुवांधार पाऊस झाला. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मनू काकांना फोन लावी. तब्येत कशी आहे हे मी विचारायचे आणि मग फोन तिच्याकडे. एका संध्याकाळी बराच वेळ पलीकडून नुसता पावसाचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "काल राती पावसान जाळी उडयल्यान गो. सकाळी परत बांधलंय."

"किती वाजता उडाली?" मनूने विचारले.

"तां माका काय म्हायती? निजलेलंय."

तिने वही उघडली, तारीख घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल धरून बसून राहिली.